ध्रुवीय बदकचोच्या डायनासोरचं आवार: बर्फ कमी, अंधार जास्त

हिप्परगेकर

नमस्कार मंडळी,

प्रिहिस्टॉरिक किंगडम खेळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विषय इथेच काढतो. ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी: नामशेष झालेल्या प्राण्यांचं प्राणिसंग्रहालय बांधायचं, बस्स. एप्रिल २०२२ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला, आला. निवेदनाला प्राण्यांवरच्या टीव्ही कार्यक्रमांच्या नायजेल मार्वेनचा आवाज आहे. भिंती, खांब, छपरं तुकड्यातुकड्यांनी जोडून हवं ते उभं करता येतं. मारामारीपेक्षा प्राण्याच्या जागेला महत्त्व आहे, आणि मला तेच आवडतं.

सध्या पार्कच्या उत्तर टोकाला ध्रुवीय विभाग बांधायला घेतलाय. मुख्य प्राणी एकच, अलास्काचा बदकचोच्या डायनासोर, उग्रुनालुक कुकपिकेन्सिस. त्याच्या जागी मी गेममधला एडमोंटोसॉरस वापरतोय, कारण दोघं अगदी जवळचे. नावाचा वाद आहे, तो प्रतिसादांत निघेलच.

बांधायच्या आधी इतरांनी केलेली ध्रुवीय आवारं बघून घेतली. देखणी आहेत, मेहनत दिसते. पण बहुतेकांत चित्र एकच: पांढरीशुभ्र जमीन, गोठलेलं तळं, मागे हिमकडे आणि मधोमध डायनासोर. आर्क्टिक म्हटलं की आजचं आर्क्टिकच डोळ्यांपुढे येतं. ६ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचं आर्क्टिक तसं नव्हतं.

या प्राण्याची हाडं मिळाली ती अलास्काच्या उत्तर टोकाला, कोलव्हिल नदीकाठच्या कड्यांमध्ये. त्या थरांना प्रिन्स क्रीक फॉर्मेशन म्हणतात. ही जागा आजही ध्रुववृत्ताच्या बरीच वर आहे, आणि तेव्हा तर आणखी उत्तरेला, ८० ते ८५ अंश अक्षांशांवर होती. पण सगळी पृथ्वीच आजच्यापेक्षा उबदार होती. तिथलं वर्षाचं सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास धरतात. हिवाळ्यात बर्फ पडत असणार, पाणीही गोठत असणार, पण कायमची हिमचादर नव्हती. दक्षिणेला ब्रूक्स पर्वतरांग, तिच्यावरून उतरणाऱ्या नद्या, मग सपाट चिखलाचं किनारी मैदान आणि पुढे समुद्र. त्या मैदानावर जंगल होतं. झाडं सूचिपर्णी, पण हिवाळ्यात पानं गाळणारी. खाली नेचे, फुलणारी छोटी झुडपं, आणि गाठीगाठींच्या पोकळ काड्यांचं हॉर्सटेल.

म्हणून मी जमीन तपकिरी-काळी, ओली ठेवली आहे. नदीला दोन वळणं, काठावर पुरानं आणून टाकलेली खोडं. बर्फ फक्त झाडांच्या सावलीत, तुकड्यातुकड्यांनी.

आता माझा खरा मुद्दा. एवढ्या उत्तरेला हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्य उगवतच नाही. माझ्या मते या प्राण्याची ओळख थंडीत नाही, अंधारात आहे. तो त्या अंधारात तिथेच राहायचा, पिल्लांसकट. हे ज्या आवारात दिसत नाही ते आवार कितीही सुंदर असलं तरी या प्राण्याचं नाही.

पिल्लांचं सांगतो, कारण त्याशिवाय हा प्राणी कळत नाही. १९६१ साली रॉबर्ट लिस्कोम्ब नावाचा तेल कंपनीचा भूशास्त्रज्ञ कोलव्हिलच्या काठाने नकाशाचं काम करत होता. त्याला कड्यात हाडं दिसली. त्याने काही गोळा करून कंपनीकडे पाठवली. पुढच्याच वर्षी दरड कोसळून तो गेला. हाडं दोन दशकं गोदामात पडून राहिली, कारण ती इतकी ताजी दिसत होती की डायनासोरची असतील असं कुणाच्या मनातच आलं नाही. १९८०च्या दशकात ती पुन्हा बाहेर निघाली आणि ओळख पटली. आज त्या जागेला लिस्कोम्ब बोनबेड (हाडांनी भरलेला थर) म्हणतात. तिथून ६,००० पेक्षा जास्त हाडं निघाली आणि ती अलास्का विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. बहुतेक सगळी अर्ध्या वाढीच्या पोरांची: लांबी पावणेतीन मीटरच्या आसपास, कमरेशी उंची जेमतेम मीटरभर. मोठे प्राणी ८-९ मीटरपर्यंत जायचे. म्हणजे एका पुरात किंवा अशाच कशात तरी वाढत्या पोरांचा अख्खा घोळका गेला.

तर मला मदत हवी आहे. अंधार दाखवायचा कसा, की प्रेक्षकाला प्राणीही दिसेल आणि रात्रही वाटेल? कळपात लहान-मोठ्यांचं प्रमाण किती ठेवू? कातडीबद्दल कुणाचा अभ्यास असेल तर तेही सांगा. सविस्तर लिहा, घाई नाही.

शेंगाचटणी

लई भारी धागा. बाहेर ४३ अंश, कूलर चालू, आणि वाचताना डोक्यात फक्त अंधारी नदी.

एक कामाची गोष्ट: झाडं दाट लावणार असाल तर प्रेक्षकांच्या पायवाटेच्या बाजूनेच लावा. आतली बाजू मोकळी ठेवली तर गेम अडकत नाही, आणि पायवाटेवरून बघणाऱ्याला जंगल गच्चच दिसतं. माझ्या जुन्या कार्डवर मॅमथचं आवार असंच केलंय, आता सुरळीत चालतं.

घरकुलकर

हिप्परगेकर दादा, मैदान आणि जंगल पटलं. पण हे प्राणी हिवाळ्यात दक्षिणेला निघून जात नसतील कशावरून? कॅरिबू, म्हणजे तिकडचे रेनडिअर, जातात की आजही शेकडो किलोमीटर. अंधारात चारा नाही, वर थंडी. एवढं धूड तिथे थांबून करणार काय? स्थलांतर धरलं तर आवाराच्या दोन बाजू करता येतील, उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची, मधून एक लांब पट्टा. गेममध्ये तेही छान दिसेल.

पक्षीमित्र_उजनी

घरकुलकर, तुमचा प्रश्न रास्त आहे. शास्त्रज्ञांतही यावर बरीच वर्षं दोन तट होते. मी डायनासोरवाला नाही, पक्षी बघतो, पण या प्रश्नाशी आमचं रोजचं नातं आहे म्हणून लिहितो.

जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत हिप्परगा तलावावर किंवा उजनी धरणावर गेलात तर पट्टकदंब दिसतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला करडा हंस. मंगोलिया-तिबेटकडच्या तळ्यांवर घरटी करतो आणि हिमालय ओलांडून इथे येतो. हे जमतं कसं? अंडी महिनाभरात उबतात, आणि पुढच्या साधारण दोन महिन्यांत पिल्लं उडायला लागतात. मेमध्ये घरटं केलं तरी ऑगस्टअखेर पोरं तयार. सगळं गणित या घाईवर उभं आहे.

आता तुमचा बदकचोच्या घ्या. २०१७ साली एका संशोधनात डायनासोरच्या अंड्यातल्या भ्रूणांचे दात तपासले. दातांवर रोजच्या वाढीच्या रेषा असतात, त्या मोजल्या. हायपॅक्रोसॉरस या बदकचोच्याचं अंडं उबायला सुमारे १७१ दिवस लागत असावेत असं निघालं. म्हणजे साडेपाच महिने! वसंतात प्रकाश परतल्यावर मादीने अंडी घातली तर पिल्लू बाहेर पडणार उन्हाळा संपताना. डोक्यावर हिवाळा, पायात बळ नाही, आणि पंख तर नाहीतच. ते पोर हजार-दोन हजार किलोमीटर चालणार कसं?

म्हणून अंडी तिथे घालत होते का, यावर सगळं अवलंबून होतं. त्याचं उत्तर २०२१ मध्ये आलं. पॅट्रिक ड्रकेनमिलर आणि सहकाऱ्यांनी प्रिन्स क्रीकचा गाळ पोत्यांनी आणला, धुतला, बारीक चाळण्यांतून काढला आणि उरलेली वाळू सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने बघितली. त्यात अंड्यातल्या किंवा नुकत्या बाहेर आलेल्या पिल्लांचे दात आणि हाडं सापडली. काही दात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. एका जातीचे नव्हेत, डायनासोरच्या सात गटांचे. त्यात बदकचोचेही आहेत. घरटी तिथेच होती, म्हणजे मुक्कामही तिथेच.

आणखी एक, हे आमच्या बिरादरीचं. २०२५ मध्ये याच प्रिन्स क्रीकच्या आणखी जुन्या थरांतून पक्ष्यांच्या पिल्लांची हाडं आणि दात जाहीर झाले, वय ७ कोटी ३० लाख वर्षं. ध्रुवावर घरटं करण्याची पक्ष्यांची रीत एवढी जुनी आहे. तुमच्या नदीकाठी चार पक्षी सोडता आले तर सोडाच.

हिप्परगेकर

पक्षीमित्र, फार फार आभार. हिप्परग्याच्या काठावर राहून पट्टकदंब वर्षानुवर्षं बघतोय, पण हा धागा असा जुळेल असं वाटलं नव्हतं.

घरकुलकर, त्याला जोड म्हणून हाडांचा पुरावा. २०१२ मध्ये अनुसूया चिन्सामी आणि सहकाऱ्यांनी अलास्काच्या या बदकचोच्यांची हाडं पातळ कापून आतली वाढ बघितली. त्यात जोमदार वाढीचे आणि मंद वाढीचे पट्टे आळीपाळीने दिसले. दक्षिणेच्या एडमोंटोसॉरसमध्ये वाढ तशी हेलकावत नाही. त्यांनी अर्थ लावला की अलास्काचा कळप हिवाळ्यात तिथेच थांबून अर्धपोटी दिवस काढायचा, आणि ती तंगी हाडात उमटली.

अलास्कातल्याच डेनाली राष्ट्रीय उद्यानातला पायठशांचा मोठा पट्टाही यात बसतो. तिथे बदकचोच्यांच्या कळपाच्या हजारो खुणा आहेत, आणि आकारावरून चार वयोगट ओळखू येतात, अगदी लहानांपासून थोरांपर्यंत. एकत्र कुटुंब चिखलातून गेलेलं. तेव्हा दोन बाजूंचं आवार नको, एकच करू आणि त्यातच बारा महिने दाखवू.

घरकुलकर

पटलं. अंड्याच्या १७१ दिवसांनी विषयच मिटला. मग आता प्रमाणाचं बघा: चार वयोगट असतील तर निव्वळ मोठे प्राणी ठेवणं बरोबर दिसणार नाही. जुरासिक वर्ल्ड एव्होल्यूशन ३ या दुसऱ्या गेममध्ये पिल्लं आणि प्रजनन आलं २०२५ ला, तेव्हापासून मला तरी पिल्लांशिवाय कळप ओकाबोका वाटतो. तुमच्या कळपात अर्धवट वाढलेले सर्वांत जास्त ठेवा. बोनबेडही तेच सांगतो.

अनुराधा_सातरस्ता

मी गेम खेळत नाही, आमचा चौथीतला मुलगा खेळतो. धागा त्याला वाचून दाखवला. त्याने एकच प्रश्न विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं: "आई, पानं गळून गेल्यावर अंधारात ते खायचे काय?" कुणी सांगाल का? सोप्या शब्दांत सांगितलंत तर त्याला वाचून दाखवेन.

खडकवाले_सर

अनुराधाताई, मुलाला शाब्बास सांगा. खरा प्रश्न तोच आहे. मी भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, माझ्या परीने सांगतो.

त्याला आधी तोंड समजवा. पुढे चोच, दात नाहीत, तिने ओरबाडायचं. मागे गालात दातांच्या रांगा, एकावर एक घट्ट बसवलेल्या, शेकड्यांनी दात. वरचा झिजला की खालचा वर येतो. सगळे दात मिळून एकच खरखरीत पृष्ठभाग होतो, आणि वरचा-खालचा जबडा घासला की जात्यात पडल्यासारखं भरडलं जातं. त्यामुळे पाल्यावरच अडून बसायची याला गरज नाही. साल, काटक्या, कोवळ्या फांद्यांचे शेंडे, जमिनीतली नेच्यांची कंदमुळं, हॉर्सटेलच्या वाळक्या काड्या, सगळं चालतं.

आणि कुजकं लाकूड. हे ऐकून मुलाला गंमत वाटेल. अमेरिकेत मोंटानामध्ये डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळाली आहे, तिथल्या बदकचोच्यांचीच मानतात. त्यात सडलेल्या लाकडाचे तुकडे भरपूर. बुरशीने लाकूड आधी मऊ केलं की त्यातलं पोषण पोटाला मिळतं. त्यामुळे हिप्परगेकर, नदीकाठी तुम्ही जी खोडं टाकलीत ती शोभेची समजू नका. त्यांच्यावर बुरशी चढवा, साल सोललेली दाखवा. हिवाळ्याचं ताट तेच.

आता आवारात काय नसावं ते सांगतो. पाणी आणि चिखल दिसला की लोक मगर-कासव सोडतात. प्रिन्स क्रीकमध्ये एवढी वर्षं गाळ चाळूनही मगर, कासव, सरडा, बेडूक यांचं काही मिळालेलं नाही. डायनासोर, पक्षी आणि सस्तन प्राणी मात्र आहेत. २०२३ मध्ये तिथल्या एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचं नाव जाहीर झालं, सिकुओमिस मायक्रोस, वजन ११ ग्रॅमच्या आसपास. ही यादी फार बोलकी आहे. बाहेरच्या उन्हावर ज्यांचं अंग तापतं ते तिथे टिकले नाहीत. ज्यांना आतून ऊब होती ते टिकले. डायनासोर थंड रक्ताचे नव्हते याला यापेक्षा सरळ साक्ष मला माहीत नाही. तेव्हा पाणवठा रिकामा ठेवा. फार तर मासे.

शेजारच्या आवारात पॅकिरायनोसॉरस, शिंगवाल्या डायनासोरांच्या कुळातला, चालेल. अलास्काची त्याची जात पेरोटोरम, २०१२ मध्ये नाव मिळालं. शिकारी हवा असेल तर नानुकसॉरस, २०१४, टायरॅनोसॉरसच्या कुळातला.

थोडं अवांतर. आपण सोलापूरकर ज्या काळ्या दगडावर घरं बांधतो तो या कळपापेक्षा तरुण आहे. दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला, म्हणजे हा कळप नदीकाठी चरत होता त्यानंतर तीसेक लाख वर्षांनी. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्रात एकटा होता. आपल्याकडचे डायनासोर वेगळेच: चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा लांब मानेचा आयसीसॉरस, गुजरातचा राजासॉरस. पुढच्या वेळी कुणीतरी आयसीसॉरसचं आवार बांधावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. महाराष्ट्राचा प्राणी आहे, आणि शाळेतल्या मुलांना त्याचं नावही माहीत नसतं.

अनुराधा_सातरस्ता

सर, मनापासून आभार. सगळं वाचून दाखवलं. आता तो गेममध्ये मगरी काढून टाकत बसलाय, आणि आयसीसॉरस वहीत काढायचा म्हणून पेन्सिलीला टोक करतोय.

अशोकचौक_थ्रीडी

मी पुण्यात थ्रीडी मॉडेलिंग करतो, घर सोलापुरात. कातडीचं विचारलंय म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, केस-पिसं नकोत. ध्रुवीय म्हटलं की लोक झूल चढवतात. बदकचोच्यांच्या कातडीचे ठसे इतर बहुतेक डायनासोरांपेक्षा जास्त मिळालेत. १९०८ साली वायोमिंगमध्ये सापडलेली एडमोंटोसॉरसची 'ममी' प्रसिद्धच आहे, कातडीचा मोठा भाग दगडात छापलेला. सगळीकडे खवले: बारीक, गोटीसारखे, मधूनमधून मोठ्यांचे पुंजके. डेनालीच्या पायठशांतही तळव्याच्या खवल्यांचा छाप आहे. एवढ्या मोठ्या अंगाला ऊब धरायला अंगाचं आकारमानच पुरतं. पिल्लांचा प्रश्न कठीण, पण बदकचोच्याच्या पिल्लावर पिसं दाखवावीत असा ठसा कुठेही नाही, त्यामुळे मी तरी चढवणार नाही.

दुसरी गोष्ट, डोकं. कॅनडातल्या अल्बर्टाच्या एका एडमोंटोसॉरस रेगॅलिसच्या डोक्यावर कोंबड्यासारखा मांसल तुरा मिळाला, हाड नसलेला. २०१३ च्या शेवटी जाहीर झालं. म्हणजे नुसती कवटी बघून केलेलं मॉडेल टकलं निघतं. अलास्काच्या जातीला तुरा दाखवायचा की नाही हा तुमचा निर्णय. मी मोठ्या नरांना दाखवीन, पोरांना नाही.

तिसरी, पाय. २०२५ मध्ये वायोमिंगच्या नव्या ममींवरून दाखवलं गेलं की एडमोंटोसॉरस अनेक्टेन्सच्या मागच्या पायांना चक्क खूर होते, आणि शेपटीवर एकामागे एक काट्यांची रांग. चिखलात पायठसा उमटवायचा तर खुराचाच उमटवा. जवळून बघणाऱ्याला कळतं, आणि ज्याला कळतं त्याला फार आनंद होतो.

रंग मी वर गडद, पोटाकडे फिका ठेवतो. वरून उजेड पडला तरी अंग सपाट दिसतं आणि शिकाऱ्याला आकार ओळखायला जड जातं. मोठ्या चरणाऱ्या प्राण्यांत ही युक्ती आजही दिसते. अंधाऱ्या जंगलाला राखी-तपकिरी शोभेल.

नवीपेठ

नावाच्या वादाचं राहिलं. २०१५ मध्ये मोरी, ड्रकेनमिलर आणि एरिक्सन यांनी उत्तर अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या इन्युपियाक भाषेतून उग्रुनालुक हे नाव दिलं. पुढे २०२० मध्ये दुसऱ्या गटाने मांडलं की ज्या वेगळेपणावर नाव उभं आहे तो लहान वयाचा परिणाम आहे. पोरांच्या कवट्या मोठ्यांशी ताडल्या तर फरक दिसणारच, आणि हाडं तर सगळी पोरांचीच. त्यांच्या मते हा एडमोंटोसॉरसच. त्यामुळे तुम्ही एडमोंटोसॉरस वापरताय ते आजच्या घडीला सर्वांत सुरक्षित आहे. पाटीवर 'अलास्कातला एडमोंटोसॉरस' लिहा आणि खाली उग्रुनालुक नाव द्या. तिथल्या लोकांच्या भाषेतलं नाव पाटीवर असावं असं मला वाटतं.

शेंगाचटणी

नवीपेठ, +१. पाटीवर दोन्ही.

आता अंधाराचं बोला की कुणीतरी, मूळ प्रश्न तोच होता.

पक्षीमित्र_उजनी

अंधाराबद्दल मी लिहितो. रात्री आणि पहाटे पाणथळींवर बसायची सवय आहे.

ध्रुवाजवळची रात्र म्हणजे चार महिने काळीकुट्ट नव्हे. सूर्य क्षितिजाखाली फार खोल जाईपर्यंत रोज दुपारच्या सुमारास संधिप्रकाश येतो, दक्षिणेकडे निळसर-केशरी पट्टा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आठवड्यांत तो चांगला लांब टिकतो. मधल्या काळात चंद्र आहे. एवढ्या वरच्या अक्षांशावर हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या आसपास चंद्र बरेच दिवस मावळतच नाही, आभाळात गोल फिरत राहतो. खाली बर्फाचे तुकडे असतील तर तो प्रकाश दुप्पट वाटतो. पानं गळालेलं जंगल, त्यामुळे उजेड जमिनीपर्यंत पोचतो.

म्हणून दिवे लावूच नका. गेमची वेळ सूर्यास्तानंतरच्या संधिप्रकाशावर ठेवा, आणि आवाराची मोकळी बाजू दक्षिणेला करा, म्हणजे प्राणी त्या पट्ट्यापुढे सावलीसारखे दिसतील. प्रेक्षकांची पायवाट उत्तरेकडून. बर्फाचे काही तुकडे झाडांच्या सावलीतून काढून नदीकाठी ठेवा. सावलीतल्या बर्फापेक्षा चंद्राखालचा बर्फ इथे जास्त उपयोगी.

आणि आवाज! अंधारात राहणारा कळप आवाजावर चालतो. माझे हंस रात्री उतरताना दिसायच्या आधी ऐकू येतात. प्रेक्षकांच्या बाजूला संगीत लावलं असेल तर तेवढ्या टप्प्यात बंद करा.

हिप्परगेकर

मंडळी, मागितलं त्याच्या कितीतरी पट मिळालं.

काल रात्री बसून बरंच काही बदललं. मोकळी बाजू दक्षिणेला केली, आणि पक्षीमित्रांनी म्हटल्याप्रमाणे कळप पट्ट्यापुढे आल्यावर अक्षरशः अंगावर काटा आला. सरांच्या सांगण्यावरून खोडं बदलली: आधी सरळ, स्वच्छ होती, आता आडवी, फुटलेली, एका बाजूने साल निघालेली, बुंध्याशी पांढरी बुरशी. घरकुलकरांच्या हिशोबाने कळपात अर्ध्यापेक्षा जास्त मध्यम वयाचे, मोठे मोजकेच, आणि दोन अगदी लहान, नदीपासून लांब, झाडांच्या आतल्या बाजूला. पूर आल्यावर पोरांचं काय झालं ते माहीत असताना त्यांना काठावर ठेवायला हात धजला नाही.

पाणवठ्यात काही नाही. शेजारी पॅकिरायनोसॉरसचं कुंपण आखून ठेवलंय. पायवाटेच्या शेवटच्या वळणावर एक छोटी खोली केली आहे, तिथे एक टेबल, चाळणी आणि वाळूचा ढीग. वाळूतून मिलिमीटरभर दात कसे शोधले ते तिथे पाटीवर लिहिणार आहे. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सर्वांत मोठी मेहनत ती आहे, आणि प्राणी बघून परत जाणाऱ्या माणसाने ती खोली ओलांडूनच बाहेर पडावं. दुसऱ्या भिंतीवर लिस्कोम्बचं नाव. हाडं पाठवली त्याने, ओळख पटलेली बघायला तो राहिला नाही. त्याचं नाव तिथे हवंच.

थ्रीडीवाले दादा, खुराच्या ठशाचा डेकल (जमिनीवर चिकटवायचं चित्र) मला जमत नाहीये, कडा पसरतात. मदत कराल का?

अशोकचौक_थ्रीडी

करतो की. ठसा वरून सपाट रंगवू नका, आधी ब्रशने जमीन हलकीशी खाली दाबा, मग त्या खळग्यात गडद ओला रंग भरा. तीन बोटं, मधलं पुढे, टोकं गोल. मोठ्या ठशाच्या बाजूला लहान ठसा आला पाहिजे, त्याच दिशेने जाणारा. फाइल पाठवा, शनिवारी बघतो.

अनुराधा_सातरस्ता

दादा, फाइल तयार झाली की इथे टाका. आणि कमी ग्राफिक्सचीही एक टाकली तर आमच्या लॅपटॉपवर उघडेल. मुलगा रोज विचारतोय.

हिप्परगेकर

ताई, टाकतो. दोन्ही टाकतो. झाडं शेंगाचटणी यांच्या पद्धतीने पायवाटेच्या बाजूलाच ठेवली आहेत, तुमच्या लॅपटॉपवर चालायला हरकत नाही. पाट्या मराठीत करतोय, मजकूर आधी इथे देईन. सर आणि नवीपेठ यांनी तपासून द्यावा ही विनंती.

खडकवाले_सर

द्या, तपासतो. तापमान आणि अक्षांश पाटीवर मोठ्या अक्षरात घ्या, मुलं तेच आधी वाचतात.